पहिला क आणि शेवटचा क

मागच्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या ताईंनी मला जिन्यातच गाठलं आणि विचारलं, "तुमची रोज किती पानं लिहिते ओ?" मी म्हणलं, पाच ओळी. त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या जणू मी पोरीला पाच दिवस जेवायलाच घातलं नाही. त्यांचा मुलगा पहिलीत आहे, रोज मराठी दोन पानं, इंग्रजी एक, वर अंक, आणि संध्याकाळी आठ वाजता त्यांच्या घरातून "लिही! लिही म्हणते ना!" असा आवाज आमच्या गॅलरीत येतो. मी हसत नाही त्यांना, देवाशपथ, कारण मागच्या जूनमध्ये तोच आवाज आमच्या घरातून खाली जात होता.

लेकीला शाळेत का घातलं नाही हा विषय आज नको, तो एकदा सुरू झाला की जाऊबाईंपर्यंत जातो. आज फक्त लिहिण्याचं. कारण घरी शिकवायला घेतलं की वाचन, गणित, गोष्टी हे सगळं आपोआप कुठंतरी बसतं, पण रोज किती लिहून घ्यायचं हे कुणीच सांगत नाही, आणि घरात रोज भांडण होतं ते त्याच्यावरूनच.

तर जून. लेक साडेसहा वर्षांची. मी स्केचपेनने रंगीत वेळापत्रक करून फ्रिजवर लावलं, साडेआठ ते सव्वानऊ शुद्धलेखन, मग अंक, मग ए बी सी डी. शेजारच्या मुलांच्या वह्या बघूनच केलं होतं ते. घरी शिकवायचं आणि शाळेसारखंच शिकवायचं, मग शाळेने आपलं काय घोडं मारलं होतं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मनात एकच भीती, ही मागे पडली तर सगळे म्हणणार बघा, सांगितलं होतं.

पहिले चार दिवस छान गेले, नवी दुरेघी वही, नवी पेन्सिल, वासाचं खोडरबर. पाचव्या दिवसापासून हात दुखायला लागला, मग तहान लागायला लागली, मग शी आली, मग पेन्सिलचं टोक मोडायला लागलं, म्हणजे मोडलं जायला लागलं, मी बघितलंय. खोडून खोडून वहीला भोक. एकदा "कमळ" हा शब्द दहा वेळा लिहायला सांगून मी कुकर लावायला गेले, आले तर बाईसाहेबांनी आधी वरून खाली दहा क काढले होते आणि शेजारी दहा म चालले होते, ळ अजून यायचा होता. म्हणलं हे काय? तर म्हणे, असं लवकर होतं. होतंच की लवकर, पण त्या पानावर कमळ एकदाही लिहिलं गेलं नव्हतं, फक्त काठ्या आणि गोल झाले होते.

नवऱ्याला रात्री तक्रार केली. तो इथं सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. तो वही चाळत म्हणाला, "तू हिला नगावर लावलंयस की." म्हणजे त्यांच्याकडं कामगाराला तासावर पगार नसतो, जेवढे नग तेवढे पैसे, मग माणूस नग वाढवायला बघणारच, आणि माल खराब निघाला तर तो तपासणाऱ्याची डोकेदुखी. मला राग आला, दिवसभर घरी मी असते आणि हा येऊन शहाणपण सांगतो म्हणून. पण शब्द डोक्यात बसला. नगावर. मी पण पानंच मोजत होते, दुसरं काय करत होते?

मग खरं वळण आलं ते श्रावणात, आमच्या मामांमुळे. मामा म्हणजे माझे सासरे, जिल्हा परिषदेतून कारकून म्हणून रिटायर झालेले, अक्षर मोत्यासारखं, अजूनही किराणाच्या यादीला समास सोडतात. चातुर्मासात दासबोध वाचतात. त्यात एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे, अक्षर कसं असावं, दोन ओळींत अंतर कसं असावं, तरुणपणी फार बारीक लिहू नये कारण म्हातारपणी ते वाचता येत नाही, इतकं बारीकसारीक रामदासांनी सांगून ठेवलंय. हा बारीक अक्षराचा मुद्दा मामा चष्मा पुसत पुसत दोनदा सांगतात. तर त्याच समासात असं आहे की ग्रंथाचं पहिलं अक्षर जसं काढलं तसंच शेवटपर्यंत जावं, सगळं एकाच टाकाने लिहिल्यासारखं वाटावं.

मामांनी लेकीची वही मागवली. पहिल्या ओळीतला पहिला क दाखवला, मग दुसऱ्या पानावरचा शेवटचा क दाखवला आणि मला म्हणाले, "सूनबाई, हे दोघं एकमेकाला ओळखतील का?" नाही ओळखणार. पहिला क ताठ उभा, मधली काठी सरळ, दोन्हीकडचे गोल नीट. शेवटचा क म्हणजे काठीला अडकलेला फाटका पतंग. मग त्यांनी पेन्सिलने अक्षर कुठून बिघडलं तिथं बारीक फुली मारली. चौथ्या ओळीच्या शेवटी. मी आधीची पानं काढली, महिन्याभराची, आणि बसून प्रत्येकावर तशी फुली मारत गेले. कधी चौथी ओळ, कधी पाचवी, एखाद्या दिवशी सहावी. त्याच्या पुढं गेलेलं एकही पान नव्हतं. पान वीस ओळींचं आणि मी दोन पानं लिहून घेत होते! म्हणजे रोज चाळीसातल्या पस्तीस ओळी माझी पोरगी वाकड्या क चा सराव करत होती, तोही रडत, आणि सराव म्हणल्यावर तो हाताला बसणारच.

एवढं झाल्यावर मी जरा वाचलं पण. इंग्लंडमधल्या शार्लट मेसन म्हणून एक शिक्षणतज्ज्ञ बाई (१८४२ ते १९२३), होमस्कूलिंगवाले त्यांना लई मानतात, त्यांचंही लहान मुलांच्या लिहिण्याबद्दल हेच म्हणणं, बघून लिहायचा वेळ दहा-पंधरा मिनिटांच्या वर नको, आणि पाटीभर वेड्यावाकड्या रेघोट्यांपेक्षा मोजक्याच पण नीट काढलेल्या रेघा बऱ्या. माझी एक डॉक्टर मैत्रीण आहे, तिने हाताचं सांगितलं. मनगटात आठ छोटी हाडं असतात, बाळ जन्मतं तेव्हा ती नुसती कूर्चा असते आणि मग वर्षानुवर्षं एकेक हाड घट्ट होत जातं, शेवटचं तर नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान. मुलांच्या हाडांचं वय बघायला मनगटाचाच एक्स-रे काढतात तो त्यासाठी. ती म्हणाली, याचा अर्थ लिहूच नये असं नाही, पण हात दुखतो म्हणाली की प्रत्येक वेळी ते नाटक नसतं.

आमचं अर्धं नाटकच असतं, पण ठीक आहे.

आणि खालच्या ताईंना मी नंतर एक गोष्ट सांगितली ती त्यांना माहितच नव्हती. केंद्र सरकारचं २०२० चं दप्तर धोरण आहे, त्यात दुसरीपर्यंत गृहपाठच देऊ नये असं लिहिलंय आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. आठवड्याला, दिवसाला नाही. त्या म्हणाल्या, मग शाळा देते कशी? आता ते मला कसं माहीत असणार, मी तर पोरीला शाळेतच घातलेलं नाही. पण त्या पुढं जे म्हणाल्या ते खरं होतं, की शाळेने दिलं नाही तर आम्ही पालकच जाऊन भांडतो, काही शिकवत नाहीत म्हणून.

तर श्रावणापासून नवीन पद्धत. पानं मोजायची नाहीत, बिघडायच्या आधीची एक ओळ असते तिथं थांबायचं. ऐकायला सोपं. तिसऱ्या दिवशी बाईसाहेबांनी दुसऱ्याच ओळीत मुद्दाम एक घाणेरडा ग काढला आणि पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, "बिघडला. संपलं." कपाळाला हात. शेवटी असं ठरलं की तीन ओळी काही झालं तरी लिहायच्याच, पुढच्या दोन अक्षर बघून, आणि लिहून झालं की त्यातलं सगळ्यात देखणं अक्षर तिनेच शोधून त्याच्या डोक्यावर मुकुट काढायचा. मी लाल पेनने काही करायचं नाही. ही मुकुटाची आयडिया तिची, आणि मुकुट काढण्यात ती लिहिण्यापेक्षा जास्त वेळ घालवते, पण त्यासाठी सगळी अक्षरं ती परत एकदा डोळ्याखालून घालते, ते मला पाहिजेच होतं. भ आणि म, घ आणि ध यांची अदलाबदल जी दोन महिने चालली होती ती याच्यातच सुटली, कारण घ ला मुकुट घालताना तिला स्वतःलाच दिसलं की हा तर ध आहे, याच्या डोक्यावर रेघ अर्धीच आलीय.

आता दुसऱ्या बाजूची चूक, ती पण सांगते, कारण होमस्कूलिंगच्या ग्रुपवर ही कुणी सांगत नाही. दिवाळीच्या आधी मी नेटवर वाचत बसले की मुलं तयार झाली की आपणहून लिहितात, त्यांच्या मागे लागू नका, वगैरे. मला ते इतकं गोड वाटलं (दिवाळीची साफसफाई, फराळ आणि नणंद येणार होती, हे खरं कारण) की मी लिहिणं पूर्ण बंद केलं. जवळजवळ महिना. आपणहून तिने काय लिहिलं? अंगणात रांगोळीने स्वतःचं नाव, एकदा. दिवाळीनंतर वही उघडली तर झ आठवेना, ण ची काठी कुठं द्यायची आठवेना, आणि पेन्सिल परत मुठीत. मोठी माणसं महिनाभर गाडी चालवली नाही तरी विसरत नाहीत, पण जो हात अजून शिकतोच आहे त्याचं तसं नसतं. परत तीन ओळींवर यायला दोन आठवडे गेले आणि रडारड जूनसारखीच झाली. त्यामुळे आता माझं मत पक्कं आहे, थोडं पण रोज, पाहुणे आले तरी रोज, गावाला गेलो तरी एक ओळ. महिनाभर सुट्टी आणि मग चार पानं, हे सगळ्यात वाईट.

आणि एक गोष्ट मला खूप उशिरा कळली, की लिहिणं म्हणून आपण दोन वेगळी कामं एकत्र बांधलीयत. एक हाताचं काम, अक्षर काढणं. दुसरं डोक्याचं, काय सांगायचं ते जुळवणं. ही दोन्ही एकदम मागितली की सहा-सात वर्षांचं पोर त्यातलं सोपं करून टाकतं, म्हणजे सांगणं कमी करतं. जानेवारीत गड्डा झाला. आमच्या घरी सिद्धेश्वराची यात्रा म्हणजे दिवाळीपेक्षा मोठी, अक्षता सोहळ्याला सगळे जाणारच. दुसऱ्या दिवशी मी तिला म्हणलं, यात्रेवर लिही. लिहिलं काय, तर "मी गड्डा बघीतला. मजा आली." संपलं. पाच शब्द आणि पंधरा मिनिटं.

संध्याकाळी तीच पोरगी फोनवर पुण्याच्या मावशीला सांगत होती. काठ्या (म्हणजे नंदीध्वज) सात असतात, पहिली काठी मानाची, ती इतकी उंच असते की वर बघितलं की आपणच मागे पडतो, आणि काठी धरणाऱ्या काकांनी पांढरी बाराबंदी घातलेली आणि त्यांच्या कमरेला पट्टा, त्या पट्ट्यात काठी ठेवतात, आणि ते रडत नाहीत पण त्यांचा चेहरा रडल्यासारखा होतो इतकी जड असते, आणि मग सगळे "हर्र बोला हर्र" म्हणले आणि मी पण म्हणले पण माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. मी स्वयंपाकघरात पोळी लाटायची थांबले. हे सगळं तिच्या डोक्यात होतं आणि माझ्या वहीत आलं "मजा आली".

तेव्हापासून आठवड्यातून तीनदा ती सांगते आणि मी लिहिते. व्यासांनी सांगायचं आणि गणपतीने लिहायचं, फक्त आमच्याकडचे व्यास सात वर्षांचे आणि सांगताना सोफ्यावरून उड्या मारतात. मी तिचे शब्द बदलत नाही, "म्हणले" म्हणली तर "म्हणले" च लिहिते. मग त्यातलं एक वाक्य, एकच, ती निवडते आणि दुसऱ्या दिवशी ते बघून स्वतः वहीत उतरवते. "माझा आवाज मलाच ऐकू आला नाही" हे तिने दोन ओळींत लिहिलंय आणि त्यातल्या ऐ ला मुकुट आहे.

यावर मामांचा आक्षेप आहे, असं तूच लिहून दिलंस तर ती आळशी होईल. होईल का? माहीत नाही, अजून तरी झाली नाही. मेसनबाईंचं पण असंच होतं की साधारण दहा वर्षांपर्यंत मुलांनी तोंडी सांगावं, लेखी सांगणं त्यानंतर. पण मामांना इंग्रज बाईचं प्रमाण चालत नाही, म्हणून मी ते सांगत बसत नाही.

वहीच्या बाहेर हाताला काम आहेच. आमच्याकडे आठवड्याला शेंगाची चटणी होते, शेंगा फोडायचं काम तिचं. सासूबाईंनी कापसाच्या वाती वळायला शिकवल्या, आधी वेण्या व्हायच्या, आता बऱ्यापैकी वाती होतात. आणि रांगोळी, रांगोळीची चिमूट धरायला जी तीन बोटं लागतात तीच पेन्सिलला. पेन्सिल मुठीत धरायची सवय मी ओरडून दोन महिन्यांत सुटली नव्हती, रांगोळीच्या ठिपक्यांनी सुटत आलीय. हे मी कुठल्या शास्त्राने सांगत नाही, आमच्या दारातलं बघून सांगते. आमच्या गल्लीत तेलुगू बोलणारी पद्मशाली घरं बरीच आहेत, त्यांच्याकडं रोज सकाळी दारात मुग्गु, म्हणजे त्यांची रांगोळी, असतोच, आणि समोरच्या आज्जी हिला ठिपके घालायला बोलवतात, त्यात ही तेलुगू पण उचलायला लागलीय.

आणि जे लिहिणं मी सांगितलेलं नाही तेही धरायला पाहिजे. चटणीच्या बरण्यांवर तिने चिठ्ठ्या चिकटवल्यात, "शेगा चटनी", "जवस चटनी", "कारळ". पाहुण्यांसमोर मला जरा कसंतरी होतं, होमस्कूलिंगवाल्यांची पोरगी आणि चटणीचा ण चुकलेला. पण बरणीवरचं मी खोडत नाही. त्या आठवड्यात बघून लिहायच्या ओळीत पाणी, दाणे, चटणी असे शब्द गुपचूप घालते. तिसऱ्या दिवशी तीच बरणी घेऊन आली, म्हणे चिठ्ठी बदलायचीय.

आता आमचं रोजचं असं आहे: सकाळी आठला, कारण मार्च लागल्यापासून सोलापुरात दहानंतर मनगट वहीला चिकटतं आणि पेन्सिल घामाने सरकते, तर आठला दहा मिनिटं. तीन ते पाच ओळी मराठी. इंग्रजी आठवड्यातून दोनदा, त्या दिवशी मराठी तीनच ओळी, दोन्ही पूर्ण नाही. अंक पाटीवर, वहीत नाही. रविवारी काही नाही. ताप आला तर काही नाही. झालं एवढंच. पुढं वाढेलच, पाचवी किंवा आठवीची परीक्षा मुक्त विद्यालयातून द्यायची म्हणली तर तिथं पेपर लिहावाच लागणार आणि पाच ओळींवर कुणी पास करणार नाही, ते मला कळतं. रात्री झोप येत नाही तेव्हा तेच आठवतं. पण मामांची फुली श्रावणात चौथ्या ओळीवर होती, आता सातव्या-आठव्यावर गेलीय, मी काही न करता. म्हणून मी अजून पाचालाच थांबवते. वाढवायचा मोह रोज होतो, हे पण सांगते.

एक राहिलं, कॅलेंडर. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, सोलापूरकरांना सांगायला नको, चार-पाच दिवसांनी येतं आणि कधी आलं होतं यावर घरात वाद. म्हणून ज्या दिवशी येईल त्या तारखेच्या चौकटीत "पाणी" लिहायचं काम तिला दिलंय. एवढीशी चौकट, त्यात शब्द बसवायचा म्हणजे अक्षर आपोआप लहान आणि नेटकं काढावं लागतं, दुरेघीत जे जमत नव्हतं ते तिथं जमतं. परवा पाणी यायचा दिवस होता, सगळी भांडी मांडून बसलो, आलंच नाही. मी रात्री बघितलं तर चौकटीत बारीक अक्षरात, शेजारच्या तारखेत घुसून, "पाणी आल नाही". कुणी सांगितलं नव्हतं लिहायला. ण बरोबर आहे. आलं वरचा अनुस्वार राहिलाय, दिसलाय मला, सोमवारच्या ओळीत "आलं, गेलं, झालं" टाकते.